प्रयोगशाळेशेजारचा पियानो

अलेक्झांडर बोरोदिन (१८३३–१८८७) हे नाव संगीताच्या इतिहासात ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेराचा कर्ता म्हणून येते आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात अल्डिहाइडांवर काम करणारा रशियन प्राध्यापक म्हणून. हा एकच माणूस, हे दोन्हीकडच्या बऱ्याच वाचकांच्या गावीही नसते. विज्ञान आणि संगीत दोन्ही येणारी माणसे जगात कमी नाहीत. पण बहुतेकांच्या बाबतीत एक पोटापाण्याचा उद्योग असतो आणि दुसरा फावल्या वेळचा छंद. नाहीतर कधीतरी एकाला रामराम ठोकून दुसरे धरलेले असते. बोरोदिनने सुमारे पंचवीस वर्षे दोन डगरींवर पाय ठेवला, दोन्हीकडे पहिल्या प्रतीचे काम केले आणि दोन्हीकडे ते अर्धवट टाकले. असे का झाले, याचे ठरलेले उत्तर म्हणजे रसायनशास्त्राने त्याचे संगीत खाल्ले. त्याचे दिवस प्रत्यक्षात कसे जात होते हे पाहिले की ते उत्तर टिकत नाही.

त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८३३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. वडील लुका गेदेवानिश्विली हे साठी ओलांडलेले जॉर्जियन सरदार, आई अवदोत्या आंतोनोवा पंचविशीतली. दोघांचे लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाची नोंद वडिलांच्या पदरच्या पोर्फिरी बोरोदिन या भूदासाचा मुलगा म्हणून झाली आणि आडनावही त्याचेच लागले. कागदोपत्री हा मुलगा स्वतःच भूदास ठरला होता. वडिलांनी मरण्यापूर्वी त्याच्या मुक्ततेची व्यवस्था करून ठेवली. आईने त्याला शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवले. परकीय भाषा, बासरी आणि पियानो हे त्या वर्गातल्या मुलांना मिळायचेच. चेलो तो मित्रांच्या मैफलीत वाजवायला हवा म्हणून शिकला. त्याच घरात दारूकामापासून सुरू झालेले रसायनांचे प्रयोगही चालत. नवव्या वर्षी त्याने एक पोल्का रचल्याची नोंद आहे. म्हणजे संगीत आधी आणि विज्ञान नंतर, किंवा उलट, असा क्रम लावण्याची सोयच नाही; दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच वयात लागल्या.

१८५० मध्ये तो पीटर्सबर्गच्या मेडिको-सर्जिकल अकादमीत दाखल झाला. तिथे निकोलाय झिनिन रसायनशास्त्र शिकवत. १८४२ मध्ये नायट्रोबेंझिनपासून अॅनिलिन मिळवण्याची रीत त्यांनी शोधली होती आणि पुढे रंगांचा सगळा कारखानदारी पसारा त्यावर उभा राहिला. झिनिनला हा विद्यार्थी आपला वारस वाटत होता. त्यामुळेच गाणी रचण्यात वेळ घालवतो म्हणून त्याने त्याला बोलूनही दाखवले: दोन सशांमागे एकदम धावता येत नाही. हा सल्ला बोरोदिनने आयुष्यभर लक्षात ठेवला आणि कधीच पाळला नाही.

पदवीनंतर १८५६ मध्ये त्याला लष्करी इस्पितळात नेमले गेले. मालकाने फटके मारवलेल्या भूदासांच्या जखमा पाहून त्याला भोवळ आली, हा प्रसंग त्याच्या चरित्रांत आवर्जून येतो. डॉक्टरकी त्याच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. त्याच इस्पितळात एका पाळीवर त्याची गाठ सतरा वर्षांच्या एका नीटनेटक्या, छानछोकीच्या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. तो मोडेस्ट मुसोर्गस्की. पुढे दोघे एकाच संगीतमंडळात बसणार होते, पण त्या वेळी एक डॉक्टर होता आणि दुसरा पहाऱ्यावरचा अधिकारी.

१८५८ मध्ये डॉक्टरेट मिळवून बोरोदिन पुढच्या वर्षी हायडेलबर्गला गेला. रशियाचे तरुण रसायनज्ञ तेव्हा तिथे जमलेले होते आणि त्यांत दिमित्री मेंडेलिव्हही होता. १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला झिनिन, मेंडेलिव्ह आणि बोरोदिन तिघेही हजर होते. अणुभार कसे मोजायचे यावर तिथे झालेली चर्चा मेंडेलिव्हच्या आवर्त सारणीच्या वाटेवरचा मोठा टप्पा ठरली. बोरोदिनला हायडेलबर्गने आणखी एक गोष्ट दिली. एकातेरिना प्रोतोपोपोवा ही मॉस्कोची पियानोवादक छातीच्या विकारावर उपचार घ्यायला १८६१ मध्ये तिथे आली. शोपँ आणि शुमान यांच्या संगीताची खरी गोडी त्याला तिच्यामुळे लागली. थंडी तिला झेपेना, तेव्हा डॉक्टरांनी इटलीला जायला सांगितले. दोघे पिसाला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेत त्याला प्लॅटिनमची भांडी वापरायला मिळाली. फ्लोरीनची संयुगे काच खातात, म्हणून प्लॅटिनम हवे. या भांड्यांत त्याने बेंझॉइल फ्लोराइड तयार केले. सेंद्रिय फ्लोरीन-रसायनशास्त्राच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. १८६३ मध्ये दोघांनी लग्न केले.

१८६२ च्या शरद ऋतूत तो पीटर्सबर्गला परतला, अकादमीत शिकवू लागला आणि १८६४ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाला. त्याच १८६२ च्या अखेरीस त्याची मिली बालाकिरेव्हशी ओळख झाली. रशियन संगीताने जर्मन वळण सोडून स्वतःच्या लोकगीतांतून वाट काढावी, असा ध्यास घेतलेला हा हट्टी गुरू होता. त्याच्याभोवतीचे मंडळ पुढे ‘बलाढ्य पाच’ म्हणून गाजले. या पाचांत पूर्ण वेळ संगीतावर जगणारा बालाकिरेव्ह एकटाच. सेझार कुई लष्करी अभियंता, तटबंदीशास्त्राचा शिक्षक. निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलातला. मुसोर्गस्की सैन्य सोडून सरकारी कचेरीत कारकुनी करणारा. आणि बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक. आज हे नवलाचे वाटते, तेव्हा नव्हते. रशियातले पहिले संगीत-विद्यालय पीटर्सबर्गमध्ये १८६२ मध्येच निघाले होते. तोवर संगीतकार हा पेशा म्हणून सरकारदरबारी मान्यच नव्हता आणि प्रतिष्ठित घरातल्या माणसाने नोकरी करावी, संगीत घरी करावे, हीच रूढी होती. बोरोदिनचे दुहेरी आयुष्य त्या समाजाच्या चाकोरीतच बसत होते. दोन्हीकडे त्याने घेतलेली उंची मात्र चाकोरीबाहेरची होती.

बालाकिरेव्हच्या देखरेखीखाली त्याने पहिली सिंफनी सुरू केली. ती पुरी व्हायला पाच वर्षे लागली आणि तिचा पहिला जाहीर प्रयोग १८६९ च्या जानेवारीत झाला. त्याच वर्षी कलासमीक्षक व्लादिमीर स्तासोव्हने त्याला ऑपेरासाठी विषय सुचवला: ११८५ मध्ये पोलोव्त्सी टोळ्यांवर चालून गेलेला आणि त्यांच्या कैदेत पडलेला राजपुत्र इगोर. स्तासोव्हने कथानकाचा आराखडाही लिहून दिला. बोरोदिनने उत्साहाने सुरुवात केली, वर्षभरात हात टेकले, त्यासाठी सुचलेले बरेच संगीत दुसऱ्या सिंफनीत वापरले आणि १८७४ मध्ये पुन्हा इगोरकडे वळला. संवादगीतांची पूर्ण संहिता त्याने कधी लिहिलीच नाही. जो प्रवेश सुचेल त्याचे शब्द आणि सूर तो तेव्हाचे तेव्हा रचत गेला. अशा रीतीने ऑपेरा लिहिला तर तो अठरा वर्षे रेंगाळणारच, आणि तो दोष रसायनशास्त्राच्या माथी मारता येत नाही.

रसायनशास्त्रात त्याचे महत्त्वाचे काम अल्डिहाइडांवरचे. अल्डिहाइडाचे दोन रेणू योग्य परिस्थितीत एकमेकांना जोडले जातात, कार्बन-कार्बन असा नवा बंध तयार होतो आणि एकाच रेणूत अल्डिहाइड व अल्कोहोल या दोघांचे गुण असलेला पदार्थ मिळतो. छोट्या रेणूंतून मोठा रेणू बांधायची ही फार उपयोगी युक्ती आहे. आज बारावीचे विद्यार्थी तिला ‘अल्डॉल कंडेन्सेशन’ म्हणून पाठ करतात. बोरोदिन १८६० च्या दशकाच्या मध्यापासून या वाटेवर होता. मध्येच बॉनच्या ऑगस्ट केकुलेशी अग्रहक्कावरून खटका उडाला. पुढे १८७२ मध्ये पॅरिसच्या शार्ल-अदोल्फ वुर्त्सनेही तोच पदार्थ मिळवला आणि त्याला ‘अल्डॉल’ हे नाव दिले. बोरोदिनने आपले निष्कर्ष त्याच वर्षी रशियन केमिकल सोसायटीपुढे मांडले होते, पण युरोपात नाव वुर्त्सचे झाले. त्यानंतर बोरोदिनने हा विषयच सोडून दिला. आता इतिहासकार दोघांनाही श्रेय देतात.

या माघारीची नोंद घ्यायला हवी. संगीत रखडले हे सगळे सांगतात. संशोधनही १८७० च्या दशकाच्या मध्यापासून तितकेच रखडले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यानंतरचे त्याचे उल्लेखनीय काम म्हणजे लघवीतील युरियाचे प्रमाण मोजायची एक सुटसुटीत रीत आणि तिचे उपकरण. नमुन्यातून निघणाऱ्या नायट्रोजन वायूचे आकारमान मोजून युरिया किती हे कळे. डॉक्टरांच्या ते उपयोगी पडले. मात्र ज्याने विशीत-तिशीत फ्लोरीन आणि अल्डिहाइडांत मुसंडी मारली होती, त्याच्या मानाने हे काम बेताचेच. एका हाताने दुसऱ्या हातातले ओढून घेतले असते, तर निदान एक हात तरी भरलेला दिसला असता.

मग वेळ जात कुठे होता? याचे उत्तर रिम्स्की-कोर्साकोव्हच्या आठवणींत आणि बोरोदिनच्या स्वतःच्या पत्रांत मिळते. अकादमीने दिलेले त्याचे घर प्रयोगशाळेला लागूनच होते, मध्ये फक्त एक बोळ. रिम्स्की-कोर्साकोव्ह भेटायला जाई तेव्हा हा पुष्कळदा नळीतून रंगहीन वायू एका पात्रातून दुसऱ्या पात्रात नेत बसलेला असे. तू रिकाम्यातले रिकाम्यात ओततो आहेस, अशी मित्राची थट्टा. काम आवरले की दोघे घरात येत, पियानोवर बसत आणि मध्येच बोरोदिन ताडकन उठून प्रयोगशाळेत धाव घेई: काही करपले तर नाही, उतू तर गेले नाही? जाताना बोळात कानाला खटकणाऱ्या स्वरांची लांबच लांब माळ मोठ्याने आळवत जाई. परत आल्यावर थांबलेले संगीत पुढे सुरू. या सगळ्यात तसे काही बिघडत नव्हते. पाच मिनिटांच्या धावपळीने कोणाची सिंफनी बुडत नाही.

बुडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या. त्या घरात नातेवाईक, आश्रित, आजारी परिचित, विद्यार्थी असे कोणी ना कोणी कायम मुक्कामाला असे. माणसे सोफ्यावर झोपलेली असत आणि त्यांची झोप मोडेल म्हणून घरमालक पियानोला हात लावत नसे. एकातेरिनाला दमा आणि निद्रानाश. ती रात्रभर जागी, म्हणून घराचे जेवणखाण आणि चहा कोणत्याही वेळी. वर्षातले कित्येक महिने ती मॉस्कोला राहायची, तरी पीटर्सबर्गच्या घराला वेळापत्रक लाभले नाही. मांजरे जेवणाच्या टेबलावरून फिरत, ताटांत तोंड घालत. त्यांतल्या एकाचे नाव रिबोलोव्ह, म्हणजे मासेमार, कारण ते हिवाळ्यात बर्फाच्या भोकातून पंजाने मासे पकडून आणे. दुसरे रस्त्यावरची बेवारशी पिल्ले मानेला धरून घरी आणे, आणि बोरोदिन दांपत्य ती सांभाळी. रिम्स्की-कोर्साकोव्हने हे हसत हसत लिहिले असले तरी त्यातली चीड लपत नाही. या माणसाला नाही म्हणता येत नव्हते, माणसांनाही आणि मांजरांनाही.

अकादमीतही तेच. व्याख्याने, परीक्षा, समित्या, अहवाल, विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी. त्यात १८७२ मध्ये अकादमीत स्त्रियांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम निघाला, त्याच्या स्थापनेत बोरोदिन पुढे होता. रशियात स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती आणि डॉक्टर व्हायचे तर परदेश गाठावे लागे, त्या काळातली ही गोष्ट. १८८५ पर्यंत तो तिथे रसायनशास्त्र शिकवत राहिला, विद्यार्थिनींसाठी पैसे उभे करण्याच्या खटपटीत राहिला. स्तासोव्ह आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह यांना या कामांचा राग येई. ही कामे दुसरे कोणीही करील, इगोर दुसरा कोणी लिहिणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पण स्त्रियांचे वर्ग दुसऱ्या कोणीही चालवले असते, हे मित्रांनी फार सहज गृहीत धरले होते. बोरोदिनने केलेल्या निवडींत ही सर्वांत समर्थनीय निवड होती.

परिणामी रचना करायला उरे उन्हाळ्याची सुटी आणि आजारपण. हिवाळ्यात डोके दुखून व्याख्यान देता येईना की घरी बसून तो लिहायचा. म्हणून संगीतातले मित्र आपल्याला आरोग्य चिंतण्याऐवजी आजारपण चिंततात, असे त्याने १८७६ च्या एका पत्रात गमतीने लिहिले आहे. त्याच पत्रात गंभीर मजकूरही आहे. इतरांना संगीत हे मुख्य काम, आपल्याला ते मुख्य कामातून मिळणारी विश्रांती. आपले विज्ञान, आपली अकादमी आणि आपले विद्यार्थी यांवर आपला जीव आहे, असा त्याचा आशय. तक्रारीचा सूर त्यात नाही. दुसरी सिंफनी १८७७ मध्ये वाजवली जायची होती तेव्हा तिच्या दोन भागांची वाद्यवृंदासाठी केलेली मांडणी घरातच कुठेतरी हरवलेली निघाली आणि आजारी पडल्या पडल्या अंथरुणातच त्याने ती पेन्सिलीने पुन्हा लिहून काढली.

१८७९ मध्ये ‘प्रिन्स इगोर’मधली पोलोव्त्सी नृत्ये एका मैफलीत जाहीर झाली. तालमी तोंडावर आल्या तरी वाद्यवृंदाची मांडणी तयार नव्हती. रिम्स्की-कोर्साकोव्हने आधी विनवण्या केल्या, मग चिडचिड केली आणि शेवटी आपणच मदतीला बसतो म्हणाला. एका संध्याकाळी बोरोदिन पाने घेऊन त्याच्या घरी आला, अनातोली ल्यादोव्हही आला, आणि तिघांनी पाने वाटून घेऊन रात्री उशिरापर्यंत लेखन केले. पेन्सिलीचे लिखाण पुसट होऊ नये म्हणून बोरोदिनने पानांवर पातळ जिलेटिनचा हात फिरवला आणि ती लवकर वाळावीत म्हणून अभ्यासिकेत दोऱ्या बांधून धुण्यासारखी टांगली. मग ती नकलनविसाकडे गेली. बोरोदिनच्या दोन विद्यांचा प्रत्यक्ष संयोग कुठे झाला असे विचारले, तर खात्रीने दाखवता येईल अशी हीच एक जागा आहे. त्याच्या सिंफनींत रेणूंची रचना शोधणारे लेखक आहेत. त्यांना हाती काही लागलेले नाही.

परदेशात त्याचे नाव झाले तेही प्राध्यापकाच्या कामामुळे. १८७७ मध्ये तो दोन विद्यार्थ्यांना येना विद्यापीठात सोडायला जर्मनीला गेला आणि जवळच वायमारला फ्रान्झ लिस्ट राहतो म्हणून भेटायला गेला. लिस्टला त्याच्या सिंफनी ठाऊक होत्या, आवडतही होत्या. त्याच्या शब्दामुळे १८८० मध्ये पहिली सिंफनी बाडेन-बाडेनला वाजली आणि तिथून बेल्जियमपर्यंत बोरोदिनचे संगीत पोहोचले. त्याच वर्षी लिहिलेली ‘मध्य आशियाच्या गवताळ माळावर’ ही रचना त्याने लिस्टला अर्पण केली. १८८१ च्या उन्हाळ्यात दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट लिहिली, ती पत्नीला. ही क्वार्टेट एका सुटीत पुरी झाली, सलग आणि निर्दोष. सलग वेळ मिळाला की त्याला काय जमत होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

दोन्ही क्षेत्रे जमवण्याचे इतर मार्ग लोकांनी काढले आहेत. विल्यम हर्शेल इंग्लंडमध्ये बाथ इथे चर्चचा ऑर्गनवादक, संगीतशिक्षक आणि रचनाकार होता. रात्री घरी घडवलेल्या दुर्बिणीतून आकाश पाही. १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस सापडला, पुढच्या वर्षी राजाकडून सालीना २०० पौंड बांधून मिळाले आणि त्याने संगीताचा पेशा सोडला. ब्रायन मे याने ‘क्वीन’ बँडसाठी खगोलभौतिकीतली पीएच.डी. अर्धवट सोडली आणि ती २००७ मध्ये पुरी केली. जयपूर-अत्रौली गायकीच्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, रियाज त्या काळातही चालू ठेवला आणि मग पूर्ण वेळ गाणे निवडले. या तिघांनी कधी ना कधी कौल लावला. त्यासाठी एक बाहेरची गोष्टही अनुकूल असावी लागते: ज्या बाजूला जायचे त्या बाजूने पोट भरले पाहिजे. बोरोदिनच्या रशियात ऑपेरा लिहून घर चालत नव्हते. राहते घरसुद्धा प्राध्यापकपदामुळेच मिळालेले होते.

१८८५ मध्ये त्याला पटकी झाली आणि त्यातून तो पुरता सावरला नाही. हृदयही कमकुवत झाले होते. २७ फेब्रुवारी १८८७ रोजी अकादमीतल्या एका वेषांतराच्या समारंभात, रशियन पारंपरिक पोशाखात, पाहुण्यांशी बोलता बोलता तो कोसळला आणि जागीच गेला. वय ५३. ‘प्रिन्स इगोर’ आणि तिसरी सिंफनी अपुरी होती. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि एकवीस वर्षांचा अलेक्झांडर ग्लाझुनोव्ह यांनी कागद ताब्यात घेतले. ऑपेराची नांदी बोरोदिनने मित्रांना पियानोवर ऐकवली होती, पण लिहून ठेवली नव्हती. ग्लाझुनोव्हने ती बरीचशी आठवणीतून उतरवली. तिसऱ्या अंकाची जुळणीही त्याचीच. १८९० मध्ये पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात ‘प्रिन्स इगोर’ प्रथम रंगमंचावर आला. १९५३ मध्ये ब्रॉडवेवर ‘किस्मत’ हे संगीतक आले, त्याच्या चाली बोरोदिनच्या क्वार्टेट आणि पोलोव्त्सी नृत्यांतून घेतल्या होत्या. १९५४ चा टोनी पुरस्कार मृत्यूनंतर ६७ वर्षांनी त्याला मिळाला.

रसायनशास्त्रात त्याला असा उशिराचा पुरस्कार नाही. सेंद्रिय आम्लांच्या चांदीच्या क्षारांवर ब्रोमीनची क्रिया त्याने १८६१ मध्ये करून पाहिली होती. १९४० च्या दशकात हुन्सडीकर दांपत्याने ती विकसित केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. काही पुस्तके आता बोरोदिनचे नाव जोडतात. अकादमीतले त्याचे पद त्याचा विद्यार्थी अलेक्झांडर दियानिन याच्याकडे गेले. येनाला सोडायला नेलेल्या दोघांपैकी हा एक. बोरोदिन दांपत्याने वाढवलेल्या लिझा या मानसकन्येशी त्याचे लग्न झाले होते. १८९१ मध्ये त्याने प्रथम तयार केलेले बिस्फेनॉल-ए पुढे प्लास्टिक उद्योगाचा एक मुख्य कच्चा माल झाले. त्याचा मुलगा सेर्गेई दियानिन याने बोरोदिनची पत्रे चार खंडांत प्रसिद्ध केली, १९२७ ते १९५० या काळात, आणि चरित्रही लिहिले. आजचे अभ्यासक बोरोदिनच्या दिनक्रमाबद्दल जे काही खात्रीने सांगतात, त्याचा मोठा भाग या खंडांतूनच येतो.